दाराआडचा माणूस

कर्तव्यवादी नीतीविषयी लिहावयास बसलो की मला प्रथम एक कबुली द्यावीशी वाटते. हा विषय मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात जवळजवळ तीस वर्षे शिकवला आणि त्यातली बरीच वर्षे अर्धवट शिकवला. फळ्यावर 'कर्तव्यासाठी कर्तव्य' असे दोन शब्द लिहावेत, त्याखाली इमॅन्युएल कान्टचे नाव व १७२४–१८०४ ही सनावळी घालावी, बाजूला 'तुलना करा : निष्काम कर्मयोग' असे टिपून ठेवावे, की माझे निम्मे काम होई. मुले ते उतरून घेत, परीक्षेत तसेच उतरवून देत, आणि त्याबद्दल मी त्यांना गुणही देत असे.

एका वर्षी कान्टचे ते प्रसिद्ध उदाहरण सांगत होतो. तुमचा मित्र जिवाच्या भीतीने पळत येऊन तुमच्या घरात लपला आहे. त्याच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन 'तो घरात आहे का?' असे विचारतो. अशा वेळीही खोटे बोलणे कर्तव्याला सोडून होय, असे कान्ट म्हणतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, खुनी काय विचारतो ते कळलं. आपण काय सांगायचं तेही कळलं. पण आत जो लपलाय त्याचं काय? त्याला कुणी काही विचारतच नाही." वर्ग हसला. मीही हसलो, आणि परीक्षेच्या दृष्टीने इतक्या खोलात जाण्याचे कारण नाही, असे काहीतरी पुटपुटून पुढच्या मुद्द्याकडे वळलो. निवृत्तीनंतर कान्ट पुन्हा सलग वाचला, परीक्षेचे भूत मानेवर नसताना वाचला, तेव्हा दर दहा-वीस पानांनी त्या मुलीचा प्रश्न आडवा येऊ लागला. तिला तेव्हा द्यावयाचे उत्तर मी आता जुळवीत आहे.

१७८५ साली प्रसिद्ध झालेले 'नीतीच्या तत्त्वमीमांसेची पायाभरणी' हे कान्टचे पुस्तक आकाराने लहान आहे. ते लिहिणारा माणूस साठीला आलेला, कोनिग्सबर्ग या प्रशियन गावात घोड्यांचे साज शिवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मलेला आणि त्या गावापासून फार दूर कधीच न गेलेला. (ते गाव आज रशियात आहे; नाव कालिनिनग्राड.) घरातले धार्मिक वळण कडक, साधे, मनाच्या शुद्धतेवर भर देणारे. पुस्तकाची सुरुवात ज्या विचाराने होते तो या वळणाच्या कोणत्याही आईने मुलाला सांगितला असता. बुद्धी, धैर्य, पैसा, आरोग्य या सर्व चांगल्या गोष्टी खऱ्या, परंतु दुष्टाच्या हाती पडल्या की त्याच वाईट होतात. कोणत्याही अटीशिवाय चांगला म्हणता येईल असा फक्त चांगला संकल्प. तो यशस्वी झाला की फसला, यावर त्याचे मोल ठरत नाही.

मग चांगला संकल्प ओळखावयाचा कसा? येथे कान्ट एका दुकानदाराला बोलावतो. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावीत नाही. लहान मूल पाठवले तरी फसवत नाही. वागणे निर्दोष. परंतु तो असे का वागतो? धंद्याची पत राहावी म्हणून वागत असेल तर त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, कर्तव्यापोटी नाही. हा भेद बारीक वाटतो, पण सगळी इमारत त्यावर उभी आहे. उद्या फसवण्यातच पत टिकते असे झाले तर हा दुकानदार फसवील. त्याचा प्रामाणिकपणा बाजारभावाला बांधलेला आहे. कान्टला हवा आहे तो भावाला न बांधलेला प्रामाणिकपणा. म्हणून तो आज्ञांचे दोन प्रकार करतो. 'तुला अमुक हवे असेल तर तमुक कर' ही सापेक्ष आज्ञा. वैद्याची, वकिलाची, व्यापाऱ्याची सर्व शहाणपणाची वचने या जातीची. नीतीची आज्ञा मात्र निरपेक्ष. तिच्यात 'हवे असेल तर' हे शब्दच नाहीत.

यानंतर येतो तो सर्वांना पाठ असलेला नियम : ज्या सूत्रानुसार तू वागतोस ते सर्वांचा नियम व्हावे असे तुला इच्छिता येईल, अशाच सूत्रानुसार वाग. मी वर्गात याचा अर्थ 'सगळेच असे वागू लागले तर काय अनर्थ होईल, याचा विचार करा' असा सांगत असे, आणि हा अर्थ साफ चुकीचा आहे. अनर्थ होईल म्हणून करू नका, हे तर परिणामांकडे पाहणे झाले. ते सांगावयास मिल्ल पुरेसा आहे. कान्टचा मुद्दा निराळा आहे. परत करण्याचा इरादा नसताना परतफेडीचे वचन देऊन कर्ज काढणारा माणूस त्याने उदाहरणाला घेतला आहे. या माणसाला वचन नावाची संस्था हवी आहे, कारण तिच्यावाचून त्याला कुणी छदामही देणार नाही; आणि त्याच वेळी आपल्यापुरती ती नको आहे. हे एस.टी.च्या रांगेसारखे आहे. मध्येच घुसणाऱ्याला रांग मोडावयाची नसते, उलट बाकीच्यांनी ती काटेकोर पाळावी असेच त्याला वाटते, कारण सगळेच घुसू लागले तर घुसण्यात लाभ तो काय राहिला? त्याला स्वतःपुरती सूट हवी असते. कान्टच्या मते अनीतीचे मूळ या सुटीत आहे, आणि मला वाटते, मानवी स्वभावाविषयीच्या अचूक निरीक्षणांत याची गणना व्हावी.

पण पुस्तक येथे संपत नाही. निरपेक्ष आज्ञेचे दुसरे रूप कान्ट पुढे देतो : स्वतःच्या ठिकाणी असो वा दुसऱ्याच्या, माणूसपणाला केवळ साधन म्हणून वापरू नकोस, ते नेहमी साध्यही आहे हे धरून वाग. यातला 'केवळ' महत्त्वाचा. दूधवाल्याला मी दुधाचे साधन म्हणून वापरतोच, तोही मला पैशाचे साधन म्हणून वापरतो; त्यात काही पाप नाही. पण ज्या व्यवहाराला त्याची संमती मिळणेच शक्य नाही अशा व्यवहारात मी त्याला ओढले, तर मात्र तो माणूस राहिला नाही, वस्तू झाला. खोटे वचन देणारा हेच करतो. सावकाराला खरे कळले असते तर तो होय म्हणाला नसता. याच भागात पुढे कान्टने किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला आहे. ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. तो नियम फळ्यावर पाठ करून घेताना हे पान मी घाईघाईने उलटत होतो. आज मला वाटते की ते पान काढून घेतले तर उरलेल्या कर्तव्यवादात माणसाला राहता येणार नाही.

ही घाई माझी एकट्याची नव्हती. मराठीत कान्ट आला तो मुख्यतः लोकमान्यांच्या बोटाला धरून. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेस गेले, १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी तेथील तुरुंगात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले आणि १९१५ साली ते छापून निघाले. कर्माच्या बाह्य फलापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ, या गीतेच्या सिद्धांताला त्यांनी कान्टचा आधार दाखवला. ब्रह्मदेशातल्या कोठडीत बसलेला एक कैदी प्रशियातल्या प्राध्यापकाशी बरोबरीच्या नात्याने वाद घालतो आहे, हे दृश्य मला अजूनही थरारून टाकते. आणि टिळकांच्या बाबतीत न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्यांनी निष्काम बुद्धीवर थांबणे पत्करले नाही. तिच्या खाली त्यांनी आत्मौपम्याचा, सर्वांभूती एकच आत्मा पाहण्याचा पाया घातला. दुसरा माणूस त्यांच्या विवेचनात आहे. तो गळाला आमच्या टिपणांतून. फलाची आशा नको, भावनेची ओल नको, कर्तव्य करीत राहावे, एवढेच आम्ही 'कान्ट = गीता' या समीकरणात शिल्लक ठेवले. कर्तव्य कोणते, ते ठरवले कुणी, आणि ते आहे कुणासंबंधी, हे तिन्ही प्रश्न समीकरणाबाहेर राहिले.

हे प्रश्न बाहेर राहिले की काय होते, हे ओळखणारा माणूस आपल्यातच होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि करावयास न मिळालेले भाषण डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतःच छापले. त्यात नियम आणि तत्त्व यांतील भेद आहे. नियम काय करावे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व माणसाला स्वतः विचार करावयास लावते, आणि म्हणून त्याला जबाबदार धरते. नियमाप्रमाणे केलेले कृत्य बरोबर असू शकेल, पण ते जबाबदारीचे नसते. आंबेडकरांचे गुरू ड्यूई होते, कान्ट नव्हे. तरीही कान्टच्या पुस्तकाचा गाभा इतक्या नेमकेपणाने मराठी माणसाने दुसरीकडे कोठे सांगितलेला मला आठवत नाही. कान्टच्या मते नीतीचा कायदा मला बाहेरून कुणी नेमून देत नाही, शास्त्र नाही, राजा नाही, जन्म नाही. माझ्या बुद्धीने तो मीच स्वतःला घालून घेतलेला असतो, आणि इतर प्रत्येकाला तो घालून घेण्याचा तितकाच अधिकार असतो. क्षत्रियाने लढावे व शूद्राने सेवा करावी, हे कितीही निष्कामपणे केले तरी त्यातले 'कर्तव्य' त्याच्या जन्माबरोबर बाहेरून आलेले आहे. 'तुलना करा' असे फळ्यावर लिहिणाऱ्याने निदान एवढी तुलना करावयास हवी होती.

दुसरा दाखला अधिक भयानक आहे. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था लावणारा आडॉल्फ आइखमान १९६१ साली जेरुसलेमच्या न्यायालयापुढे उभा होता. आपण आयुष्यभर कान्टच्या कर्तव्याच्या व्याख्येनुसार जगलो, असे त्याने सांगितले. न्यायाधीशाने खोदून विचारले तेव्हा त्याने निरपेक्ष आज्ञेची व्याख्या बऱ्यापैकी बरोबर म्हणून दाखवली. माझ्या वर्गात तो पास झाला असता! हाना आरेंट हिने १९६३ च्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे, आणि हेही नोंदवले आहे की ज्यूंच्या संहाराचे काम अंगावर आल्यापासून आपण कान्टप्रमाणे जगणे सोडले, हे त्याला स्वतःलाच मान्य होते. आइखमानमुळे कान्ट खोटा ठरत नाही. पण फलाची इच्छा न धरता, कुरकुर न करता, स्वतःच्या कोवळ्या भावना बाजूला सारून काम पार पाडणे म्हणजेच कर्तव्य, अशी जी शिकवण मी देत होतो, तिच्यात त्या माणसाला हरकत घेण्याजोगे काहीच नव्हते. त्याला अडवू शकले असते ते फक्त दुसरे रूप.

आता त्या दाराकडे येतो. १७९७ साली फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंट याने लिहिले की एका जर्मन तत्त्वज्ञाच्या मते खुन्याशीही खोटे बोलणे हा गुन्हा होय. पण सत्य हे कर्तव्य आहे ते ज्याला सत्यावर हक्क आहे त्याच्यापुरते, आणि दुसऱ्याला इजा करणारे सत्य ऐकण्याचा हक्क कुणालाच नाही. त्याच वर्षी कान्टने छोटा लेख लिहून उत्तर दिले. त्यात तो प्रांजळपणे कबूल करतो की असे आपण कोठेतरी म्हटले आहे खरे, मात्र कोठे ते आठवत नाही. म्हणजे न आठवणाऱ्या वाक्याचे समर्थन करावयास तो बसला, आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस करतो तसे त्याने ते अधिकच हट्टाने केले.

पळवाट नको म्हणून 'होय किंवा नाही' म्हणण्यावाचून गत्यंतरच नाही, अशी अट तो मानून चालतो. मग म्हणतो, तुम्ही 'घरात आहे' असे खरे सांगितले, तर कदाचित मित्र तेवढ्यात मागच्या बाजूने निसटलाही असेल आणि खून टळेल. उलट 'नाही' असे खोटे सांगितले, आणि मित्र खरोखरच निसटलेला असून परत फिरणाऱ्या खुन्याला वाटेत गाठ पडला, तर त्या मरणाची जबाबदारी तुमच्यावर. हा युक्तिवाद वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. ज्याने परिणामांना पुढच्या दारातून हाकलून दिले तोच त्यांना मागच्या दाराने आत घेतो आहे, तेही एका बाजूचे निवडून! लेख धर्मनीतीचा नसून कायद्याच्या दृष्टीने लिहिला आहे, विधानांवरचा विश्वास उडाला की करार आणि हक्क यांचा पायाच खचतो, एवढेच कान्टला म्हणावयाचे आहे, असा बचाव त्याचे भाष्यकार करतात. तो निम्मा मला पटतो. पण उरलेल्या निम्म्याचे काय? लेखात बोलणारा आहे, विचारणारा आहे, अखिल मानवजात आहे. लपलेला मित्र मात्र एक तर घरात आहे किंवा रस्त्यावर आहे. त्याचा हक्क कोठेच नाही. मागच्या बाकावरून जे दिसले ते मला व्यासपीठावरून दिसत नव्हते.

महाभारताच्या कर्णपर्वात हेच दार आहे, फक्त ते अरण्यात आहे. युधिष्ठिर रागाच्या भरात 'गांडीव दुसऱ्याला देऊन टाक' म्हणतो, आणि असे म्हणणाऱ्याचा वध करण्याचे व्रत घेतलेला अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसतो. प्रतिज्ञा पाळणे हे त्याचे कर्तव्य! तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक सत्यव्रती तपस्वी. चोरांच्या भीतीने काही माणसे पळत येऊन रानात लपली. मागोमाग चोर आले आणि कौशिकाला विचारू लागले. त्याने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाचा निवाडा असा की न बोलता सुटता येत असेल तर बोलूच नये, आणि न बोलण्याने संशय येत असेल तर अशा वेळी खोटे बोलणे बरे. अर्जुनाच्या प्रतिज्ञेवर काढलेला तोडगा तर अस्सल आपल्याकडचा आहे. वडीलधाऱ्याला 'तू' म्हणणे हा त्याचा वधच. तेव्हा युधिष्ठिराला अरेतुरे कर म्हणजे झाले. टिळकांनी 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात कौशिकाची कथा घेऊन तिच्या शेजारी पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांची मते मांडली आहेत. तेव्हा मराठी वाचकाला हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ घरचा आहे.

कौशिकाचा दोष कोणता? कथा सांगताना आपण सहज म्हणून जातो की त्याने परिणाम पाहिला नाही. मला तसे वाटत नाही. कान्टच्याच भाषेत तो दोष अधिक नीट सांगता येतो. आपले सत्यव्रत अभंग राहावे म्हणून कौशिकाने लपलेल्यांचे जीव खर्ची घातले. आपल्या पुण्याचे त्यांना केवळ साधन केले. आणि विचारणारा? तो कौशिकाची वाणी हत्यार म्हणून मागत होता. सत्याची देवघेव जेथे दोन माणसांत होते तेथे खोटे बोलणे हा समोरच्याचा अपमान खराच. पण येथे समोरच्याने ती देवघेव आधीच मोडली आहे. अशा वेळी ओठ घट्ट मिटणारा, आणि ते पुरेसे नसेल तर खोटे सांगणारा, दुसऱ्या रूपाला धरून वागतो. कान्टने स्वतःचे हे पान उघडून पाहिले असते तर त्याला तो लेख लिहावा लागला नसता.

मात्र येथेच महाभारताकडे झुकून टाळी वाजवावी असेही मला वाटत नाही. कारण त्याच प्रसंगी कोणकोणत्या वेळी खोटे बोलल्यास दोष नाही याची यादी येते : प्राणसंकटात, सर्वस्व लुटले जात असताना, येथवर ठीक, पण तिच्यात लग्नाची वेळ आहे, रतिप्रसंग आहे, आणि ब्राह्मणाचे कामही आहे. लपलेल्या माणसासाठी दार किलकिले केले आणि त्यातून मुलीचे वय चोरणारा बापही आत आला, ब्राह्मणही आला. अपवाद करणारा स्वतःची सोय पाहतो, ही कान्टची भीती पोकळ नव्हती. आपल्याकडील लग्नाच्या वाटाघाटी ऐकलेल्या कुणालाही ते समजावून सांगण्याची गरज पडू नये.

हे सारे उदाहरणांतल्या माणसांविषयी झाले. उदाहरणातली माणसे बोलत नाहीत, ही त्यांची मोठी सोय. पण एकदा उदाहरणानेच कान्टला पत्र लिहिले. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथील मारिया फॉन हर्बर्ट या तरुणीने १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याला लिहिले की भक्त देवाचा धावा करतो तसा मी तुमचा करीत आहे. तिचे एका माणसावर प्रेम होते. पूर्वीच्या एका प्रेमाविषयी तिने त्याच्यापासून काही लपवले होते, ते पुढे स्वतःच सांगितले, आणि सांगताच तो थंड झाला. तिला जगणे नको झाले होते. आत्महत्या करावयाची नाही हे कान्टच्या पुस्तकात वाचले होते म्हणून ती थांबली होती. आपण सत्य बोललो, कर्तव्य केले, आता पुढे काय, हा तिचा प्रश्न.

कान्टने १७९२ च्या वसंतात उत्तर पाठवले. ते मन लावून लिहिलेले आहे, हे मी मुद्दाम सांगतो. मोकळेपणाने सगळे न सांगणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे, हे तो तिला समजावतो. खरे सांगितल्याबद्दल पश्चात्ताप करू नकोस म्हणतो. तुझ्या मित्राचा थंडपणा नैतिक संतापातून आला असेल तर काळाने जाईल, आणि जाणार नसेल तर ते प्रेम अंगाचे होते, ते तसेही विरले असते. तर्क बिनतोड आहे. आपल्या एखाद्या मामांनी भाचीला लिहावे तसे हे पत्र आहे, आणि तशा पत्रांचे जे होते तेच याचेही झाले.

१७९३ च्या जानेवारीत मारियाचे दुसरे पत्र आले. मित्राचे मन वळले होते. पण आता तिलाच काही वाटेनासे झाले होते. कशाची इच्छा नाही, कशात रस नाही, सगळे रिकामे. आणि म्हणून, ती लिहिते, नीतीचा नियम पाळणे मला मुळीच कठीण जात नाही, मला मोह उरलेलाच नाही. 'पायाभरणी'त कान्टने एक परोपकारी माणूस वर्णिला आहे : दुःखाने ज्याचे मन काळवंडले आहे, दुसऱ्याच्या वेदनेने जे आता हलत नाही, आणि तरीही जो केवळ कर्तव्य म्हणून उठून मदत करतो, त्याच्याच कृत्याला खरे नैतिक मोल आहे असे कान्ट म्हणतो. शिलरने या मताची भरपूर टिंगल केली आहे. टिंगलीला उत्तरे देता येतात, आणि कान्टच्या बाजूने ती दिलीही गेली आहेत : मोल पारखण्यासाठी घेतलेली ती एक कसोटी आहे, असे जगा असा उपदेश नव्हे. मीही वर्गात हेच उत्तर देत असे. पण मारियाचे पत्र ही टिंगल नाही. ती म्हणते, मी तुमच्या त्या पानावर येऊन पोचले आहे, आणि येथे काहीच नाही. ती पुढे विचारते, तुम्ही कसे जगता? लग्न करावे, कुणावर जीव लावावा, असे तुम्हाला कधी वाटले का? कोनिग्सबर्गला येऊन तुम्हाला भेटावे असे मला वाटते.

या पत्राला कान्टने उत्तर दिले नाही. त्याने तिची पत्रे आपल्या एका मित्राच्या मुलीला, एलिझाबेथ मदरबी हिला, पाठवून दिली. भावनेच्या आहारी गेलेली मुलगी कशी भरकटते याचा नमुना म्हणून, तुझ्यावर चांगले संस्कार झाले आहेत तेव्हा तुला अशी भीती नाही, अशा अर्थाच्या चार ओळींसह. मारियाने १८०३ साली आत्महत्या केली. त्यापुढच्या वर्षी कान्ट गेला.

पत्र न पाठवल्याने कुणी मरत नाही, आणि तत्त्वज्ञाच्या वागण्याने त्याचे तत्त्व खोटे ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. मी माप घेतो आहे ते त्याच्याच फूटपट्टीने. मारियाने त्याला प्रश्न विचारला होता. एक विचार करणारा माणूस दुसऱ्या विचार करणाऱ्याला विचारतो तसा, आणि त्याच्याच पुस्तकातील शब्दांत. पहिल्या पत्राला उत्तर देताना ती त्याच्या लेखी असे माणूस होती. दुसऱ्या वेळी ती तिसऱ्याच मुलीला शहाणपण शिकवण्याचे साधन झाली, आणि ते करताना कान्टच्या हातून कोणतेही कर्तव्य मोडल्याचे त्याला जाणवले नाही. खोटे तर तो बोललाच नव्हता. त्याच्या नीतीत खोटे बोलण्याला जितकी जागा आहे तितकी उत्तर न देण्याला नाही. ही मला या सबंध दर्शनातली मोठी उणीव वाटते. आणि ती दिसते तीही त्यानेच दिलेल्या दुसऱ्या रूपाच्या उजेडात, म्हणून त्या रूपाला मी सोडावयास तयार नाही.

खुन्याचा लेख लिहिला त्याच १७९७ साली कान्टचे 'नीतीची तत्त्वमीमांसा' हे मोठे पुस्तक पुरे झाले. त्यात खोटेपणावर एक कलम आहे आणि त्याच्या शेवटी काही शंका-प्रश्न जोडले आहेत. पत्राखाली 'आपला आज्ञाधारक सेवक' असे लिहिणे हे खोटे होय काय? एखादा लेखक 'माझे पुस्तक कसे वाटले?' असे विचारतो, तेव्हा काय म्हणावे? (दिवाळी अंकांच्या दिवसांत हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा.) घरी असूनही 'मालक घरी नाहीत' असे सांग, अशी आज्ञा झालेला नोकर दारात उभा आहे, त्याचे काय? या शेवटच्यावर कान्ट निकाल देतो. मालक तेवढ्यात निसटून काही गुन्हा करील तर तो दोष नोकराच्याही माथी. बाकीचे प्रश्न तो तसेच सोडून देतो. विचारतो आणि थांबतो. इतकी वर्षे मी ही पाने 'परीक्षेला नाहीत' म्हणून वगळत आलो होतो. त्या वर्षीच्या मुलांच्या टिपणांत दार आहे, खुनी आहे, कान्टचे उत्तर आहे. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न मी फळ्यावर लिहिला नाही, त्यामुळे तो कुणाच्याच वहीत नसणार.